पाणी अडवायचं नाही

घरात कुठलंही यंत्र सुरू झालं की आमचे घरमालक उभे राहायचे. काकूंनी चटणीसाठी मिक्सर लावला तरी हातातल्या पेपरची घडी करून ते खुर्चीतून उठायचे आणि मिक्सर थांबेपर्यंत स्वयंपाकघराच्या दाराशी ताठ उभे राहायचे. चटणीचं ठीक होतं, ती दोन मिनिटांत उरकायची. पण सोमवारी आणि शुक्रवारी वॉशिंग मशीन लागायची, तेव्हा हे गृहस्थ तासभर उभे असायचे आणि त्या वेळात कोणी भेटायला आलं तर त्यालाही बसा म्हणायची सोय नव्हती. मी वरच्या खोलीत राहायला आले त्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी फाटकाची दुसरी किल्ली मागायला खाली गेले आणि तासभर त्यांच्या शेजारी उभी राहून वर परत आले. किल्ली मागायची राहूनच गेली.

"मशीन चालून राहिली अन् आपण बसून राहिलो, हे बरोबर नाही," असं त्यांनी मला समजावून सांगितलं होतं. "मशीन बसली का मंग आपण बसाचं."

त्यांची सगळी नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात झालेली. तिथे ते पाण्याच्या बाजूला होते, म्हणजे तापलेल्या यंत्रांना गार ठेवणारं पाणी फिरवणारे पंप आणि ते पाणी निववणारे ते प्रचंड टॉवर हे त्यांचं राज्य. नागपुरातल्या गोधनी रोडवरच्या आमच्या गल्लीत त्यांना टॉवरवाले काका म्हणत. बॉयलरवाल्यांबद्दल आणि टर्बाइनवाल्यांबद्दल त्यांच्या मनात जुनी अढी होती. "त्यायचा रुबाब पाहाचा तू. पन आमचं पाणी थांबलं ना, का पाच मिनिटांत सारा रुबाब खाली येते," असं ते म्हणायचे आणि मग कुठल्याशा दिवशी कोणता पंप कसा बसला होता त्याची कथा सुरू व्हायची.

त्या पंपांशेजारी तीसेक वर्षं काढल्यामुळे त्यांचा आवाज कायमचा वर चढलेला होता. ते काकूंच्या कानात काही सांगायला लागले की मी वर खिडकी लावून घ्यायचे. कोणाच्या पोरीचं कुठे जमून राहिलं, कोणाचा जावई कसा निघाला, अशी एकूणएक गुपितं गल्लीला त्यांच्या कुजबुजीतून कळत. त्यांच्यामुळे आमच्या गल्लीत फारशी भांडणं होत नसत, कारण पाठीमागे बोललेलं असं काही उरतच नव्हतं.

दुसरी खोड हाताची. ते कुठल्याही वस्तूला तळहाताने स्पर्श करत नसत, हात उलटा करून लावत. फ्रिजची मागची बाजू, कूलरची मोटर, गच्चीवरचा पाइप, सगळ्यांची रोज सकाळ-संध्याकाळ उलट्या हाताने विचारपूस व्हायची. तळहात लबाड असतो, त्याला कामाची सवय झालेली असते, खरं काय ते हाताची पाठ सांगते, असं त्यांचं मत होतं. एकदा मला ताप होता तेव्हा त्यांनी जिन्यातच माझ्या कपाळाला हाताची पाठ लावली आणि तिथूनच काकूंना ओरडून सांगितलं, "एकशे एक! वरण-भात धाडून दे!" थर्मामीटरवर एकशे एकच निघाला, हे मी आजवर कोणाला सांगितलं तरी कोणाला खरं वाटत नाही.

आणि चार्ज. दुपारी जेवण झाल्यावर ते झोपायला जात, पण त्याआधी काकूंना घराचा चार्ज देत. "टाकी पाऊण. कूलर चालू. सिलिंडर कालच लावला. पोस्टमन आला नाही. चार्ज घे." काकू कपडे वाळत घालत असोत की बहिणीशी फोनवर बोलत असोत, त्यांना "घेतला" असं मोठ्याने म्हणावं लागे. त्या म्हणाल्या नाहीत तर हे डोळे उघडे ठेवून पलंगावर पडून राहत.

"लग्नाले चाळीस वर्षं झाले," काकू मला सांगायच्या, "एक दिवस या माणसानं चार्ज देल्ल्याबिगर डोये मिटले नाहीत. मी माहेरी गेली का फोनवर देते."

याचं कारण मला पुढे समजलं. वीज केंद्रात शिफ्ट संपली तरी पुढचा माणूस येऊन चार्ज घेईपर्यंत जागा सोडता येत नाही. एकदा त्यांच्या पुढचा माणूस आलाच नाही आणि हे स्वतःच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, तीन तास उशिरा पोहोचले. सगळे पाहुणे जेवून गेलेले, अंगावर कामाचेच कपडे, आणि काकू एकट्या मांडवात बसलेल्या. तेव्हापासून उशिरा येणारा माणूस म्हणजे त्यांच्या लेखी जगातला सर्वांत मोठा गुन्हेगार होता. चोराला एखादे वेळी माफी मिळाली असती.

पण या सगळ्याच्या वर त्यांचा एक सिद्धान्त होता: पाणी अडवायचं नाही. पाण्याच्या वाटेत जे जे आडवं येईल ते त्यांनी घरातून हद्दपार केलं होतं. नळांच्या तोंडाच्या जाळ्या गेल्या. बेसिनमधली चाळणी गेली. कूलरची टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा गोळा गेला. त्यामुळे आमच्याकडे हात धुवायला गेलेला माणूस पोटापर्यंत भिजून येत असे, आणि कूलर भरायला लावून कोणी विसरलं तर पाणी फाटकातून बाहेर पडून वळणावरच्या पानठेल्यापर्यंत जाई. समोरच्या शाळेच्या भिंतीवर 'पाणी अडवा, पाणी जिरवा' असं मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. ते वाचून काका रोज सकाळी हळहळायचे.

माझी नोकरी शहराच्या दुसऱ्या टोकाला, विमानतळापलीकडच्या मिहानमध्ये होती. विमानांची दुरुस्ती करणाऱ्या एका कंपनीत हत्यारांच्या आणि सुट्या भागांच्या भांडारात मी नवीन लागले होते, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. दुपारी दोन ते रात्री साडेदहा अशी शिफ्ट. तिथेही नियम खापरखेड्याचाच होता: मी जाऊन एकेक हत्यार मोजून ताब्यात घेतल्याशिवाय आधीच्या माणसाला घरी जाता येत नसे. जाताना मेट्रो होती, पण सुटल्यावर आमच्या बाजूला यायला काहीच नसायचं. गाडी असेल तरच ही नोकरी, नाहीतर वर्ध्याला परत ये, असं आईने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. म्हणून बाबांनी त्यांची चौदा वर्षांची जुनी मोटार मला दिली. ती मी फेब्रुवारीत आणली. काकांनी एक अख्खा रविवार तिचं बोनट उघडून आत डोकं घातलं, मी वर केस धूत होते, आणि संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं, "आता उन्हाळ्याले तयार!"

मे महिन्यात ती उकळायला लागली.

पहिल्यांदा वर्धा रोडवर, छत्रपती चौकाच्या पुढे. काटा लालवर गेला, बोनटमधून वाफ निघाली, आणि मी विमानं दुरुस्त करणाऱ्या कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालून रस्त्याच्या कडेला उभी राहिले. पंचेचाळीस डिग्रीत लोक माझ्याकडे बघून हसत होते. पाऊण तास उशीर झाला. आठ दिवसांनी पुन्हा तेच, त्याच चौकात. काका-काकू त्या वेळी तीन आठवड्यांसाठी मुलीकडे अमरावतीला गेलेले होते, तेव्हा मी आपली गॅरेजमागून गॅरेज हिंडत होते. एकाने रेडिएटर धुऊन दिला. दुसऱ्याने त्याचं झाकण बदललं. त्यांच्या दारात गाडी तासभर चालू ठेवली तरी काटा मधोमध असायचा, शहाण्यासारखा. रस्त्यावर वेग घेतला की अर्ध्या तासात लाल.

आमच्या साहेबांनी मला बोलावलं. ते वाईट नव्हते, उलट फार सभ्यपणे बोलत, त्यामुळे जास्तच भीती वाटायची. "उद्या तुमची सुट्टी आहे, गाडीचं बघून घ्या. परवा दोनला तुम्ही जागेवर नसाल तर मला प्रोबेशन पुढे नेता येणार नाही."

सुट्टीच्या दिवशी मी तिसऱ्या गॅरेजमध्ये गेले. तिथल्या उस्तादाने तेलकट हात पुसत निकाल दिला. "हेड गास्केट गया, मॅडम. इंजन खोलना पडेंगा. हप्ताभर तो लगेंगाच." मी गाडी कशीबशी, थांबत थांबत घरी आणली. बाबांना फोन केला तर ते म्हणाले, गाडी तिथेच देऊन टाक आणि परत ये, इकडे बघू काहीतरी. ते फार प्रेमाने म्हणाले. मला ती नोकरी हवी होती. आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या ओळखीशिवाय मिळालेली होती. मी जिन्यात बसून चांगली हमसून हमसून रडले.

तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला आणि अमरावतीहून काका-काकू उतरले. काकूंच्या हातात लोणच्याची बरणी होती, ती त्यांनी तशीच माझ्या मांडीवर ठेवली आणि मला जवळ घेतलं. काका समोर उभे राहिले.

"काहून रडून राहिली वं?"

मी सगळं सांगितलं. रडण्याचं त्यांना विशेष काही वाटलं नाही. गाडी तापते हेही त्यांनी शांतपणे ऐकलं. पण मी दोनदा उशिरा पोहोचले आणि माझ्यामुळे पहिल्या शिफ्टचा माणूस अडकून पडला हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा बदलला.

"म्हंजे त्याले चार्ज देता आला नाही?"

"नाही."

"किती वेळ?"

"पाऊण तास. दोन्ही वेळा."

ते गाडीकडे वळले. मग म्हणाले, "आज हात लावत नाही. इंजिन गरम आहे, गरम इंजिन खोटं बोलते. सकाळी सहाले खाली ये."

सकाळी सहाला ते जुना खाकी शर्ट घालून अंगणात हजर होते. घराचा चार्ज त्यांनी आधीच देऊन टाकला होता. "घेतला," असं काकू आतून म्हणाल्या, "पन दूध कोन आनते ते सांगा!" पण काका तोवर बोनटमध्ये वाकले होते.

त्यानंतरचा दीड तास मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी तेलाची पट्टी ओढून काढली, बोटावर तेल घेऊन उजेडात धरलं. "पांढरं नाही. तेलात पाणी गेलं नाही. हेड गास्केट बेकसूर." मागच्या नळीतून निघणारा धूर बघितला, त्याचा वास घेतला. "बेकसूर." पट्टा दाबून पाहिला, पंखा फिरवून पाहिला, टॉर्च लावून रेडिएटरच्या जाळीत एकेक फट न्याहाळली. "बेकसूर. बेकसूर. हा बी बेकसूर."

समोरच्या घरातले वकीलसाहेब दात घासत घासत त्यांच्या फाटकाशी आले होते. दोघांचं गेली दोन वर्षं धड नव्हतं. वकीलसाहेब तोंडातला फेस सांभाळत म्हणाले, "सगळेच निर्दोष सुटून राहिले. मग आरोपी कोण?"

"सापडते. घाई करू नका," काका म्हणाले. तोवर त्यांनी इंजिन पुन्हा पुरतं थंड होऊ दिलं होतं. मला म्हणाले, "आता चालू कर अन् इकडे ये. ही रेडिएटरकडे जाणारी वरची नळी. हाताची पाठ लाव."

मी लावली. त्यांनीही लावली. एक मिनिट झालं. नळी कोमट लागली.

"गरम होऊन राहिली, काका."

त्यांनी हात तसाच ठेवला. दुसऱ्या मिनिटाला ती आणखी गरम झाली. त्यांनी आत वाकून काटा पाहिला, काटा अजून तळालाच होता. पुन्हा नळीला हात लावला. मग हात काढून घेतला आणि ते मागे सरकत सरकत गेले आणि पायरीवर बसले.

इंजिन चालू होतं आणि ते बसले होते. काकूंनी हे खिडकीतून पाहिलं मात्र, त्या हातातला चिमटा टाकून धावत बाहेर आल्या. "अवो! काय होऊन राहिलं तुमाले? छातीत दुखते का? बसले काहून?" वकीलसाहेबही ब्रश हातात घेऊन रस्ता ओलांडून आले.

"मले काही झालं नाही," काका म्हणाले. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. "पलंगाखालचा डबा आन."

डबा बिस्किटांचा होता. त्यांनी झाकण काढलं. आत लिंबाएवढ्या पितळी चकत्या होत्या, पंचवीस-तीस तरी असतील, आणि प्रत्येकीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. डॉक्टर. दूधडेअरी. शाळेची व्हॅन. वकीलसाहेब. त्यांनी चाचपून एक वर काढली. चिठ्ठीवर त्यांच्याच ठसठशीत अक्षरात होतं: 'वरची पोरगी, फेब्रुवारी'.

"थर्मोस्टॅट आहे हा. तुह्या गाडीतला," ते म्हणाले. "मीच काढला."

मग त्यांनी समजावून सांगितलं. इंजिनातल्या पाण्याला दोन वाटा असतात. एक लांबची, रेडिएटरमधून थंड होऊन येणारी, आणि एक जवळची, तिथल्या तिथे वळून परत इंजिनात जाणारी. इंजिन थंड असतं तेव्हा हा झडपेचा तुकडा लांबची वाट बंद ठेवतो, म्हणून काटा तळाला असताना वरची नळी थंडच राहायला हवी. पाणी तापलं की तो लांबची उघडतो आणि जवळची बंद करतो. काकांनी मात्र आयुष्यभर त्याच्याकडे एकाच नजरेने पाहिलं होतं: हा पाण्याला अडवतो. आणि नागपुरात तर गाडीला गरम व्हायला मदत करणाऱ्या वस्तूचं कामच काय! म्हणून उन्हाळा तोंडावर आला की ते गल्लीत दिसेल त्या गाडीतून तो काढून घेत, सगळ्यांच्या संमतीने आणि आभारांसह.

"जुन्या जीपमधी चालून जात होतं," ते म्हणाले. "या गाडीत जवळची वाट मोठी आहे. ती बंद करणाराच मी काढून नेला. अर्धं पाणी रेडिएटरचं तोंड न पाहता दारातूनच परत फिरून राहिलं होतं. उभ्या गाडीले तेवढं पुरते. जोर पडला का नाही पुरत."

मला इतका संताप आला होता की माझा आवाज फाटला. "मी तीन हप्ते रडून राहिली काका, अन् तो तुमच्या पलंगाखाली?"

"हाव."

त्यांनी जुन्या जीपचं नाव पुन्हा घेतलं नाही, वयाचं कारण दिलं नाही. तो एवढासा 'हाव' ऐकून माझा अर्धा राग तिथेच गळून गेला. उरलेल्या अर्ध्याचीही त्यांनी व्यवस्था लावली. "रागव तू मले, चांगली रागव. पन ते अकरा वाजता. आता पावणेआठ झाले. एक वाजता तुले निघाचं आहे."

वकीलसाहेबांचा ब्रश इतका वेळ हवेत होता. दोन वर्षांपूर्वी चिखलदऱ्याच्या घाटात, बायको आणि सासू मागे बसलेल्या असताना, त्यांची गाडी अशीच उकळली होती. तुम्हाला घाटात गाडी चालवता येत नाही, असं काकांनी त्यांना भर गल्लीत, त्या आवाजात सांगितलं होतं. दोघांचं बिनसलं होतं ते यावरून.

"म्हणजे घाटात माझी चूक नव्हती?" वकीलसाहेबांनी विचारलं.

काका उठून उभे राहिले. "थांबा वकीलसाहेब. नुसत्या अंदाजावर मी कबूल करत नाही. आधी पुरावा. ही पोरगी आज वेळेवर पोचली, काटा मधात राहिला, तर मी चुकलो, तुमच्या बी गाडीत अन् साऱ्यायच्या. नाही पोचली तर मी बरोबर, अन् इंजिन खोलाचं."

काय विचित्र माणूस आहे हा, मला वाटलं. त्यांना आता सगळ्या जगात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे स्वतः चुकलेलं असणं.

"पन आधी हा जिवंत आहे का ते पाहू," असं म्हणून ते थेट स्वयंपाकघरात गेले. काकूंनी घासून ठेवलेला दुधाचा गंज, म्हणजे पातेलं, त्यांनी पाण्याने भरून गॅसवर चढवला.

"माह्या दुधाच्या गंजात?" काकू किंचाळल्या.

"आज दूध आलंच नाही," काका म्हणाले, आणि हे खरं होतं.

दोऱ्याला बांधलेली ती पितळी झडप पाण्यात लोंबकळत होती आणि शेजारी त्यांच्या नोकरीतलं जुनं थर्मामीटर. आम्ही चौघे गंजाभोवती उभे. साठ. सत्तर. काहीच होईना. पंच्याहत्तर. वकीलसाहेबांचा चष्मा वाफेने भरला तरी ते मागे हटले नाहीत. ऐंशीच्या जरा पुढे गेल्यावर त्या चकतीच्या मधोमध केसाएवढी फट पडली, मग ती रुंदावत गेली आणि झडप पुरती उघडली.

"पाह्य वं, उघडला!" काकूंनी माझा दंड धरला. आपल्या गंजाचं दुःख त्या पार विसरल्या होत्या.

बसवायचं काम त्यांनी मला करायला लावलं. मला राग आला असेल तर हातांना काम हवं, असं त्यांचं म्हणणं पडलं. तीन बोल्ट होते. नवीन गास्केटचा कागद त्यांच्या पेटीत होताच, तो त्यांनी कातरून दिला. मग कूलंट, घाई न करता, बारीक धारेने. आत अडकलेली हवा बुडबुडत बाहेर आली. "येऊ दे. तिले वाट दे," ते बुडबुड्यांकडे बघत म्हणत होते. मी ठरल्याप्रमाणे अकरा वाजता त्यांना रागवायला गेले, पण ते गाडीखाली आडवे होऊन कुठे गळतंय का ते बघत होते, आणि दोन बाहेर आलेल्या पायांवर रागावता येत नाही.

मग इंजिन सुरू केलं. काका उभे. मी वरच्या नळीला हाताची पाठ लावून उभी. एक मिनिट, थंड. तीन मिनिटं, थंड. पाच मिनिटं झाली, काटा हळूहळू वर सरकत मधोमध आला, तरी नळी थंड. आणि मग एका क्षणी, कोणी आतून दार उघडावं तशी, ती नळी माझ्या हाताखाली कढत झाली. मी हात झटकून ओरडलेच.

"भाजलं?" त्यांनी विचारलं.

"हो!"

"शाब्बास!"

मी बरोबर एक वाजता निघाले. मानकापूर, सदर, सीताबर्डी. बाहेर ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. काटा मधोमध. वर्धा रोडला लागले, वेग घेतला. डोळे रस्त्यावर ठेवायचे की काट्यावर हे कळत नव्हतं. छत्रपती चौक आला, जिथे मी दोनदा तमाशा केला होता. चौक मागे गेला. काटा मधोमध. विमानतळ मागे गेलं. काटा जागचा हलला नव्हता, आणि मी बंद काचांच्या आत एकटीच इतक्या जोरात ओरडले की घसा बसला. मिहानचं वळण घेतलं तेव्हा मी चक्क गाणं म्हणत होते.

एक वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी मी भांडाराच्या खिडकीशी होते. आधीच्या शिफ्टच्या मुलाने घड्याळ पाहिलं, मला पाहिलं आणि हत्यारांची यादी पुढे सरकवली. साहेब तिकडून जाता जाता थबकले, म्हणाले, "अरे वा," आणि निघून गेले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप होतं. मी तिथे कायम झाले आणि आजही तिथेच आहे.

यादी तपासून सही केल्यावर मी घरी फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला. ही त्यांची झोपेची वेळ होती, पण मागून बऱ्याच लोकांचे आवाज येत होते. बहुधा अर्धी गल्ली फाटकाशी जमली होती.

"पोचली?" काकांनी विचारलं. मी फोन कानापासून लांब धरला, तरी भांडारातल्या सगळ्यांना ऐकू गेलं.

"पोचले काका. तेरा मिनिटं आधी."

"काटा?"

"मधात. सगळ्या रस्त्यानं मधात."

आणि मग तो आवाज आला, पंपांवरून चढलेला, आनंदाने फुटलेला. कोणी स्वतःबद्दलची एवढी वाईट बातमी इतक्या जल्लोषात दिलेली मी त्याआधी ऐकली नव्हती आणि नंतरही नाही.

"मंग मी चुकलो! पक्कं झालं! ऐकलं का वकीलसाहेब, मी चुकलो! घाटात तुमची काहीच चूक नव्हती! काढा गाडी बाहेर!"